चहापाणी

चहावर बोलण्यासाठीं कोणाला मुद्दाम ध्वनिक्षेपकासमोर बसविण्याची गरज आहे असें मला प्रथम वाटलें नाहीं. आपल्या देशांत शिक्षक, वकील, पुढारी आणि पुराणिक हे सर्व ज्या एका विषयावर सारख्याच अधिकारवाणीनें बोलूं शकतात, तो विषय चहाचा. आतांहि, मी बोलत असतांना, आपल्यापैकीं निम्म्यांच्या हातांत कप असेल आणि उरलेल्यांचें लक्ष स्वयंपाकघरांतील आधणाकडे असेल. तेव्हां चहाची थोरवी मी गाणार नाहीं. चमत्कारिक चहा शोधून चाखण्याचा एक छंद मला जडला आणि त्या छंदांत माझी वेळोवेळीं फजिती झाली, तेवढीच हकीकत सांगणार आहें.

मी अंकुशनगरचा राहणारा. हें नांव जुन्या नकाशांत शोधूं नये. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, महाकाळा या गांवालगत, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीं वसलेली ही वस्ती. शेजारच्या घनसावंगी तालुक्यांत रामदासस्वामींचें जन्मगांव जांब आहे, दक्षिणेला गोदावरी आहे, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या भागांतून पुढें परभणीकडे जातो. त्या पाण्यावर ऊंस, त्या उंसावर कारखाना आणि कारखान्यावर आम्ही. माझें सारें आयुष्य प्रयोगशाळेंत उंसाचा रस, साखर आणि पाणी तपासण्यांत गेलें. पैकीं पाण्याचा उल्लेख आपण ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

माझा पहिला चहा गुळाचा. आमच्या घरीं साखरेचा डबा पाहुण्यांसाठीं असे. घरच्या माणसांना गूळ. गुळाच्या चहाचा स्वभाव ज्यांनीं तो केला आहे त्यांना ठाऊक असेल. गूळ आणि दूध एकत्र उकळूं लागलें कीं दूध फाटतें. गुळांत थोडा आंबटपणा असतो, कांहीं क्षार असतात, आणि उकळीच्या आंचेवर ते दुधाशीं भांडण काढतात. माझ्या आजीनें रसायनशास्त्राचें नांवहि ऐकलें नव्हतें. पण ती पत्ती, आलें आणि गूळ आधणांत पुरतें उकळवी, पातेलें चुलीवरून खालीं उतरवी आणि मग वेगळें तापविलेलें दूध वरून ओती. एक दिवसहि तिचा चहा नासला नाहीं. पुढें रसायनाची पदवी घेऊन मीं तोच चहा केला, तेव्हां पातेल्यांत चोथा निराळा आणि पाणी निराळें झालें.

परसांत न्हाणीच्या कडेला गवती चहाचें बेट असे. पावसाळ्यांत त्याची पात चहांत पडली कीं घरभर वास दरवळे. लहानपणीं मला वाटे कीं चहा याच गवताचा होतो आणि दुकानांतील पत्ती म्हणजे हीच पात वाळवून केलेली भुकटी. वस्तुतः या दोघांचें नातें नांवापुरतेंच. गवती चहा हें एक सुगंधी गवत. खरा चहा, मग तो काळा असो, हिरवा असो वा पांढरा असो, एकाच झाडाचा. शास्त्रज्ञ त्याला कॅमेलिया सायनेन्सिस म्हणतात. खुडलेलीं पानें कोमेजूं दिलीं, वळलीं आणि हवेंत तांबूस होऊं दिलीं म्हणजे काळा चहा. खुडतांच वाफ किंवा कढईची आंच देऊन तो बदल थांबविला म्हणजे हिरवा. एकाच घरांतल्या भावंडांचे स्वभाव जसे निरनिराळे व्हावेत तसा हा प्रकार आहे.

हा परदेशी पाहुणा महाराष्ट्रांत सुखासुखीं रुळला नाहीं, याचीहि आठवण ठेवावयास हवी. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत छापविलीं आणि गहजब उडाला. ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्याच पुण्यांत आज कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य चहाचीं दुकानें आहेत आणि पितळी पातेल्यापुढें सर्व जातींचीं माणसें एका रांगेंत उभीं आहेत. एका कपासाठीं आपल्या आजोबा-पणजोबांनीं केवढी किंमत मोजली, हें त्या रांगेंत उभें असतांना मला पुष्कळदां आठवतें.

असो. माझी पहिली फजिती श्रीनगरांत झाली. कडाक्याची थंडी होती. ज्यांच्याकडे उतरलों होतों त्या गृहस्थांनीं पहांटे माझ्यापुढें गुलाबी रंगाचा चहा ठेवला. रंग असा कीं वाटावें, गुलकंद घातलेला आहे. मी मराठवाड्यांतला माणूस, त्यांतून साखरेच्या गांवचा; गोडाच्या अपेक्षेनें मोठा घोट घेतला आणि तोंडांत समुद्र आला! तो नून चाय होता. नून म्हणजे मीठ. हिरवी पत्ती चिमूटभर सोडा घालून फार वेळ उकळतात, पळीनें उंचावरून पुनःपुन्हां ओतून तिला हवा लावतात, थंड पाणी घालतात. तेव्हां अर्काला गडद तांबडा रंग चढतो, आणि दूध पडतांच त्याचा गुलाबी होतो. मीं मुकाट्यानें कप संपविला. यजमानांनीं, पाहुण्याला चहा आवडला अशी समजूत करून घेऊन, दुसरा भरला. भट्टींतून आणलेली ताजी रोटी त्यांत बुडवून खावयाची असते, हें मला तिसऱ्या कपाला कळलें, आणि आश्चर्य असें कीं चौथा मीं मागून घेतला. मीठ हें चहाला चालतें, जीभ मात्र आधीं रिकामी करून यावी लागते.

आसामांतील अनुभव याहून निराळा. आपण इतिहासांत वाचतों कीं १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस यानें आसामांत चहाचें झाड शोधून काढलें. हा शोध म्हणजे, शेजारच्या घरांत जाऊन त्यांच्याच देवघरांतील मूर्तीचा शोध लावण्यापैकीं आहे. कारण तेथील सिंग्फो लोक तो चहा पीतच होते, आणि ब्रूसला त्याची माहिती मिळाली ती त्यांच्याच बिसा गाम नांवाच्या प्रमुखाकडून. मार्गारिटाच्या बाजूला एका सिंग्फो घरांत मीं त्यांचा फलाप नांवाचा चहा घेतला. पानें कढईंत भाजून उन्हांत वाळवावयाचीं, मग बांबूच्या नळींत ठासून भरावयाचीं, आणि ती नळी चुलीच्या धुरावर टांगून ठेवावयाची. कालांतरानें आंत चहाची घट्ट कांडी होते. घरधन्यानें सुरीनें तिची एक चकती कापली आणि उकळत्या पाण्यांत टाकली. साखर नाहीं, दूध नाहीं. रंग मधासारखा आणि वास धुराचा. घोट घेतांच मला एकदम माझ्या आजीचें स्वयंपाकघर दिसलें. कोठें ब्रह्मदेशाची सीमा आणि कोठें गोदाकांठ! परंतु चुलीचा धूर सर्वत्र सारखाच असावा.

आतां दार्जिलिंगकडे वळतों, कारण माझ्या खऱ्या फजितीचें मूळ तेथें आहे. १८४१ सालीं डॉक्टर कॅम्पबेल यांनीं दार्जिलिंगला आपल्या घराच्या आवारांत चिनी जातीचें बीं लावलें आणि पुढें त्या डोंगरउतारांवर मळे झाले. वसंत ऋतूंतील पहिल्या खुडणीचा चहा फिका, हिरवट-सोनेरी आणि फुलांच्या वासाचा. मे-जूनमधील दुसऱ्या खुडणीला द्राक्षासारखा एक गंध येतो, आणि त्या गंधाला कारण, अंशतः कां होईना, तुडतुडे! हे बारीक किडे कोंवळ्या पानांतील रस शोषतात. झाड त्या पीडेला प्रतिकार म्हणून जीं द्रव्यें तयार करतें, तींच कपांत सुगंध होऊन उतरतात. आमच्याकडे तुडतुडे कपाशीवर पडतात आणि शेतकऱ्याला रडवितात. तेथें त्यांच्या कृपेनें भाव वाढतो. नशीब नशीब म्हणतात तें हेंच.

२०११ च्या एप्रिलांत मी तेथें गेलों होतों. एका मळ्यांत चहा पारखण्याचें काम पाहावयास मिळालें. पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकीं दोन-अडीच ग्रॅम पत्ती, घड्याळावर पांच-सहा मिनिटें. आणि मग पारखी महाशय चमचा तोंडाशीं नेऊन असा काहीं जोरदार फुरका मारीत कीं सगळी खोली दणाणून जाई. फुरक्याबरोबर हवा आंत जाते आणि गंध नाकाच्या मागच्या वाटेनें पोंचतो, असें त्यांनीं समजावून दिलें. आमचे काका आयुष्यभर बशींत चहा ओतून नेमका असाच फुरका मारीत, आणि आम्हीं शिकल्यासवरल्या पोरांनीं त्याबद्दल त्यांना आयुष्यभर नांवें ठेविलीं. काका हयात असते तर मीं त्यांची क्षमा मागितली असती.

तेथून मीं पहिल्या खुडणीची शंभर ग्रॅम पत्ती विकत घेतली. किंमत मीं घरीं सांगितली नाहीं, आणि येथेंहि सांगणार नाहीं, कारण घरीं रेडिओ आहे. अंकुशनगरला परत आल्यावर शेजाऱ्यांना बोलाविलें, किटली ऊन करून घेतली, घड्याळ लावलें, आणि पारखी महाशयांनीं सांगितलेलें एकूण एक शास्त्र पाळून चहा तयार केला. कपांत जें उतरलें तें मातकट, काळसर पाणी! वर एक पातळ तवंग, चमच्यानें ढवळला तर त्याचे तुकडे होत आणि कपाच्या कडेला चिकटत. फुलांचा वास कोठेंच नव्हता. शेजारी भले, एक म्हणाले, "वेगळाच आहे." दुसऱ्यांनीं साखर मागितली. मीं मनांतल्या मनांत दुकानदाराला चोर ठरविलें आणि डबा फडताळाच्या मागें सारला.

दोन महिने असे गेले. मग एके दिवशीं प्रयोगशाळेंत बॉयलरच्या पाण्याची नेहमींची तपासणी करीत असतांना माझा हात थबकला. बॉयलरला जड पाणी चालत नाहीं. त्यांतील चुन्याचा थर नळ्यांना आंतून बसतो. म्हणून आम्ही तें आधीं मऊ करून घेतों. बॉयलरची एवढी काळजी करणारा मी, दार्जिलिंगचा चहा मात्र कूपनलिकेच्या पाण्यांत केला होता! आमच्या काळ्या दगडांतून वर येणारें तें पाणी इतकें जड कीं साबणाला फेस येत नाहीं आणि डाळ शिजतां शिजत नाहीं. चहांतील तुरट द्रव्यें आणि पाण्यांतील चुना यांची गांठ पडली कीं तवंग धरतो, रंग काळवंडतो. दुकानदार निर्दोष होता. चोर माझ्याच अंगणांत होता.

पाऊस सुरू झाल्यावर मीं तीन पातेलीं मांडलीं. एकांत कूपनलिकेचें पाणी, दुसऱ्यांत कालव्याचें, म्हणजे गोदावरीचें, गाळून निवळलेलें. आणि तिसऱ्यांत, पहिले दोन-तीन पाऊस सोडून देऊन मग अंगणांत धरलेलें पावसाचें पाणी. पत्ती तीच, वेळ तीच. पहिला कप पूर्वीसारखाच मातकट. दुसरा पुष्कळ बरा. तिसरा कप उचलला आणि दार्जिलिंगचा डोंगर माझ्या ओसरीवर आला! आठव्या शतकांत लू यू नांवाच्या चिनी पंडितानें चहावर 'छा चिंग' हा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें पाण्याची प्रत लावून दिली आहे: डोंगरांतलें पाणी उत्तम, नदीचें मध्यम, विहिरीचें कनिष्ठ. बाराशें वर्षांपूर्वींचा निकाल मीं तीन पातेल्यांत पुन्हां एकदां काढला होता. आपल्या मराठींत मात्र हें ज्ञान शब्दांतच आहे. आपण पाहुण्याला नुसतें 'चहा घ्या' म्हणत नाहीं, 'चहापाणी घ्या' म्हणतों.

आणि त्याच वेळीं मला आपल्या उकळलेल्या चहाविषयींचा माझा तुच्छभाव सोडावा लागला. चहाच्या षौकी मंडळींत एक रीत आहे: पातेल्यांत पत्ती उकळणारे ते अडाणी. मीहि तसें म्हणत असें. १९३० च्या सुमारास आसामांत पानें चिरडून, फाडून, वळवून त्यांच्या बारीक गोळ्या करणारें यंत्र निघालें. त्या पत्तीला सी.टी.सी. म्हणतात आणि आपल्या घरोघरीं आज तीच असते. ती कडक पत्ती, वर आलें, वेलदोडा, भरपूर दूध आणि साखर. एवढी फौज असल्यावर जड पाण्याचें काय चालणार? ज्यांच्या नशिबीं विहिरीचेंच पाणी आहे त्यांनीं त्या पाण्याला साजेल असा चहा शोधून काढला, अशी माझी आतां समजूत झाली आहे.

येथें माझी हकीकत संपली असती तर बरें झालें असतें. मी विजयी ठरलों असतों. पण २०१२ सालीं पावसानें पाठ फिरविली. २०१३ चा उन्हाळा मराठवाड्यानें कसा काढला, हें ज्यांनीं पाहिलें त्यांना सांगावयास नको. जायकवाडीचा साठा तळाला गेला. मोसंबी हें आमच्या जिल्ह्याचें मोठें धन. त्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनीं स्वतःच्या हातानें बुंध्यांवर कुऱ्हाड चालविली. गांवोगांव टँकर, आणि गुरांसाठीं छावण्या.

त्या मे महिन्यांत घनसावंगी तालुक्यांत माझ्या मावसबहिणीकडे मला जावें लागलें. घरांत दुखणें होऊन गेलें होतें. भेटणें अगत्याचें होतें. रिकाम्या हातानें कसें जावें, म्हणून नुकताच टपालानें मागविलेला, त्या वसंतांतील दार्जिलिंगचा डबा मीं बरोबर घेतला. घरांत पाऊल टाकलें. भिंतीशीं हंडे, घागरी आणि एक पिंप ओळीनें मांडलेलें. प्रत्येकावर झांकण आणि झांकणावर दगड. टँकर पांचव्या दिवशीं यावयाचा, आज तिसरा. हातांतला डबा मला एकाएकीं जड झाला. मीं पाणी न्यावयास हवें होतें. मीं चहा नेला होता.

ती चुलीकडे वळली तेव्हां मी घाईनें म्हणालों, "चहा नको, मी आतांच घेऊन आलों." हें खोटें होतें.

"एवढ्या उन्हाचा आलास दादा, आणि माझ्या घरून कोरडा जाशील?" ती म्हणाली. "जनावरं छावणीला गेलीत, दूध नाही. कोराच गोड मानून घे."

नाहीं म्हणावें तर तिचा अपमान, हो म्हणावें तर तिच्या घागरींतील पाण्याची चोरी. तिनें कपानें मोजून पाणी घेतलें. मोजलें तें एकदांच. पऱ्हाट्यांच्या जाळावर पातेलें ठेविलें, पत्ती आणि गुळाचा खडा टाकला. रंग काळाकुट्ट आला आणि वर माझा तो ओळखीचा तवंग दिसूं लागला. मग ती मागील दारीं गेली. न्हाणीच्या सांडपाण्यावर तग धरून राहिलेलें एक लिंबाचें झाड तेथें होतें. न्हाणीचें पाणी म्हणजे तरी काय, हातपाय धुतलेलें. त्याचें एक सुपारीएवढें लिंबू तिनें आणलें आणि कपांत पिळलें. माझ्या डोळ्यांदेखत काळा रंग उजळला, तांबूस सोनेरी झाला. तवंग नाहींसा झाला! लिंबाचें आम्ल चुन्याला आपल्याकडे ओढून घेतें, हें मी प्रयोगशाळेंत कोणालाहि फळ्यावर लिहून दाखविलें असतें. तीन पातेलीं मांडणाऱ्या मला तें सुचलें मात्र नव्हतें.

"लिंबू कशाला गं?" मीं विचारलें.

"आमच्या पाण्याचा चहा त्याच्याबिगर काळामिट्ट होतो. सासूबाई पिळायच्या."

"आणि तुझा कप?"

"माझा झाला मघाशीच." हेंहि खोटें होतें.

मीं तो अर्धा कप प्यालों. धुराचा वास, गुळाचा गोडवा, लिंबाची आंबट धार, आणि तळाशीं थोडा तुरटपणा. नून चाय आणि फलाप यांच्याविषयीं मी घरोघर तास-तास बोललों आहें. त्या दिवशीं मला कांहींच बोलतां आलें नाहीं. कप तिनें राखेनें घांसला आणि फडक्यानें पुसून ठेविला. विसळला नाहीं.

पुढल्या आठवड्यांत मी पाण्याचे दोन कॅन घेऊन गेलों. ते पाहून तिच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो डब्याच्या वेळीं दिसला नव्हता.

पुढें पाऊस झाला, गुरें घरीं आलीं, आणि तिनें तो डबा उघडला. मला फोनवर तिचा अभिप्राय मिळाला. "दादा, रागावू नको, पण तुझ्या त्या पत्तीत काही दम नाही. आलं टाकलं, दूध टाकलं, चांगली उकळली, चार चमचे घातले तरी रंग येईना." दिवाळीला मी गेलों तेव्हां डबा चुलीवरच्या फळीवर होता आणि त्यांत मेथ्या भरलेल्या होत्या. मीं कोरा चहा मागितला, लिंबू पिळून. घरांत दूध असतांना भावाला कोरा चहा? तिनें माझें ऐकलें नाहीं, दुधाचाच केला.